बुध्याच्या अंगावरचे ठिपके

शहाद्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं फोटोचं दुकान आहे. नवरा कॅमेरा घेऊन लग्नाकार्यांना जातो आणि मी दुकानात कॉम्प्युटरपुढे बसते. लग्न होऊन आले तेव्हा माउस कसा धरायचा हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण नवरा फोटो बनवत बसला की मी त्याच्या मागे उभी राहायचे आणि हे का, ते का, असं विचारून त्याला भंडावून सोडायचे. शेवटी एकदा वैतागून तो म्हणाला, "तूच बठ ना मंग आठे." मी बसले ती आजवर उठलेली नाही.

या कामातलं मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर थर. बघणाऱ्याला एकच फोटो दिसतो, पण आत एकावर एक दहा-बारा थर चढवलेले असतात. खाली माणूस, त्यावर उजेड, त्यावर धूर, त्यावर ठिणग्या, सगळ्यात वर नाव. प्रत्येक थरापुढे एक बारकासा डोळा असतो. डोळा मिटला की तो थर गायब, उघडला की परत हजर. हे पहिल्यांदा कळलं त्या दुपारी मी नुसते डोळे उघडमीट करत बसले होते, आणि पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं होतं.

पुढे मी काय काय उद्योग केले ते विचारू नका. एका केळीच्या बागायतदाराला त्याच्याच घडातून बाहेर पडताना दाखवलं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायला नेणाऱ्याच्या फ्लेक्सवर घोडीच्या टापांखाली विजा पाडल्या. एका रसवंतीवाल्याच्या नावातून उसाचा रस गळतोय असं करून दिलं, तर उन्हाळाभर लोक त्या पाटीला बोट लावून बघत होते. नवरा म्हणतो, "तू एक दिन मन्हा फोटोलेबी शेपूट लाई देशी." लावून झालंय. त्याला अजून दाखवलेलं नाही.

तर अशा माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात एक माणूस आला, आणि त्याला इफेक्ट काढून हवा होता.

तो धडगावच्या बाजूच्या डोंगरातला होता. बाजाराला उतरलेला, अंगात धुवट पांढरा सदरा, बरोबर नऊ-दहा वर्षांची मुलगी. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा फोटो काढला आणि माझ्यापुढे टेबलावर अंथरला. फोटोत तो स्वतःच होता, पण होळीच्या वेशात. सातपुड्यात होळीला बुध्या नाचतात हे आम्हा खालच्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं. ज्याने नवस केला असेल तो बुध्या होतो. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा आणि मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, आणि उघड्या अंगभर तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके.

या फोटोत टोप होता, भोपळे होते, घुंगरू होते. मागे जांभळं आभाळ, भोपळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळा आणि चहूकडे सोनेरी ठिणग्या. अंगावर मात्र एकही ठिपका नव्हता. साबण लावून घासून काढावं तसं अंग, छातीवर तर चक्क चकाकी. काम वाईट नव्हतं, हे मान्य करायला हवं. ठिणग्या मला माझ्याच वाटल्या.

काय झालं असेल ते माझ्या लगेच लक्षात आलं. चेहरा गुळगुळीत करायचं एक तयार बटण असतं. नवरीच्या गालावरच्या पुटकुळ्या, डाग, वांग, सगळं एका फटक्यात साफ. कुणीतरी कामाच्या घाईत ते बटण पूर्ण अंगावरून फिरवलं होतं. सॉफ्टवेअरला पुटकुळी काय आणि नवसाचा ठिपका काय, दोन्ही सारखेच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"हाऊ फोटो नीट करी द्या, ताई," तो म्हणाला. "मनी पोर म्हणस, हाऊ मना बाप नही."

मुलगी लगेच शाळेतल्या मराठीत म्हणाली, "मी असं नाही म्हटलं, मॅडम. मी म्हटलं, हे बाबांसारखे दिसतात, पण बाबा नाहीत."

मला ती पोरगी तिथेच आवडली. जूनमध्ये ती नंदुरबारच्या निवासी शाळेत जाणार होती आणि पेटीत बापाचा हाच फोटो न्यायचा तिचा हट्ट होता. हाच का, तर ही त्याची शेवटची होळी होती. म्हणजे बुध्या म्हणून शेवटची. पाच होळ्यांचा नवस होता, तो या वर्षी फिटला. आता तो टोप पुन्हा त्याच्या डोक्यावर चढणार नव्हता.

"मूळ फोटो कुठे आहे?" मी विचारलं. मोबाइलमध्ये होता. तो मोबाइल नंतर बिघडला, दुरुस्तीत सगळा पुसून कोरा झाला. ज्याने हा प्रताप केला होता त्याच्या दुकानातही शेवटची फाइल तेवढी उरली होती, ती पेनड्राइव्हवर टाकून यांनी आणली होती. मी उघडून पाहिली. सगळे थर एकमेकांत कायमचे चिकटवून टाकलेले. मिटायला एकही डोळा शिल्लक नव्हता.

"मग पुन्हा लावा ना अंगावर ठिपके," मी म्हटलं. "माझा नवरा येईल तुमच्या गावाला, झकास फोटो काढून देईल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "होळी गई ना," एवढंच म्हणाला. मुलीने समजावून सांगितलं की ते ठिपके होळीतच लावतात, एरवी लावणं म्हणजे देवाची थट्टा. मला माझ्या सूचनेची थोडी लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मजा वाटायला लागली होती. काढून टाकलेली वस्तू परत कशी आणायची, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे काढायलाच सांगतात. पोट काढा, टक्कल काढा, व्याही काढा.

मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि फोटो मोठा करून इंचइंच बघू लागले. बटण कितीही हुशार असलं तरी कडेला हात आखडतं. काखेजवळ तीन आणि गळ्यातल्या माळेखाली दोन ठिपके वाचले होते. त्यातला एक मी पडद्याएवढा मोठा केला. मला वाटलं होतं पांढरा गोल असेल. पण पीठ वाळताना त्याला भेगा पडल्या होत्या, एका बाजूला ते जाड होतं, दुसऱ्या बाजूला त्यातून अंगाचा रंग दिसत होता. घामाने एक ओघळही आला होता. मी कितीतरी वेळ तो एक ठिपका बघत होते.

मग त्याच पाच ठिपक्यांच्या नकला काढून मी छातीवर पेरल्या. रांगेत, मग थोड्या वाकड्यातिकड्या. मागे वळून म्हटलं, "बघा बरं."

त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हाई तर सदरानी बटनं शेतंस."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मला राग आला, पण खोटं नव्हतं. पाचच ठिपके पुन्हा पुन्हा आले की डोळ्याला ते कळतंच. मग मी ब्रश घेतला आणि म्हटलं, एकेक हातानेच काढते, आपल्याला काय वेळ नाही का. पहिला ठिपका त्याच्या छातीवर टेकवला तोच तो बाकड्यावरून उठला.

"ताई, तुम्ही नका."

"का?"

तो खाली बघत म्हणाला, "बाईना हात नही चालत."

आता मला राग आला तो खरा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव, आणि दुकानात तर तो दुप्पट. म्हटलं, "दादा, हा फोटो आहे. अंग नाही. आणि बाईचा हात चालत नव्हता तर बाईच्या दुकानाची पायरी का चढलात? गल्लीत पुरुषांची दुकानं काय कमी आहेत?" तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तो नुसता गुंडाळत होता, आणि कागद पुन्हा पुन्हा सुटत होता.

मुलगी माझ्या खुर्चीजवळ आली. "मॅडम, बाबांना राग नाही आला. त्यांना भीती वाटते."

"कशाची?"

"मला फिट यायच्या," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, मला दात पडायचे म्हणावं तसं.

मग सगळं कळलं. ती चार वर्षांची असताना तिला फिट येऊ लागल्या होत्या. एकदा चुलीजवळ पडली, एकदा ओढ्यात. आधी गावातले उपाय झाले, मग सरकारी दवाखाना, मग गोळ्या सुरू झाल्या, त्या अजून चालू आहेत. आणि त्याच वेळी बापाने नवस बोलला की पोर नीट राहिली तर पाच होळ्या बुध्या होईन. ते नुसतं नाचणं नसतं. त्या दिवसांत पाळणी असते. जमिनीवर झोपायचं, बाजेवर बसायचं नाही, अंघोळ नाही, स्वतःच्या हाताने रांधून खायचं, आणि बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बायकोचासुद्धा नाही, आईचासुद्धा नाही. पाच वर्षं त्याने त्यात तसूभर फरक केला नव्हता. फिट थांबल्या होत्या. आता फोटोपुरतं का होईना, शेवटच्या घटकेला काही मोडलं आणि पोरीला परत काही झालं तर? तीही त्याच्यापासून लांब, नंदुरबारला.

गोळ्यांनी थांबल्या की नवसाने, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. माझ्या स्वतःच्या मुलाला ताप आला होता तेव्हा मी डॉक्टरकडून परत येताना देवीला नारळ फोडूनच घरी गेले होते, आणि ताप कशाने उतरला हे मला आजही कुणी विचारलेलं आवडणार नाही.

"बसा दादा," मी म्हटलं. "माझं चुकलं. तुमच्या अंगावर ते ठिपके लावले कुणी होते?"

"मना मोठा भाऊनी."

"ते बाजाराला येतात का?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते तिघं आले. मोठा भाऊ साठीचा, काटक, कानात बाळी. येताना त्याने श्रीखंडाच्या डब्यात तांदळाचं पीठ आणलं होतं आणि खिशात बोटभर लांबीची बांबूची कांडी. मी स्टेशनरीच्या दुकानातून काळ्या कार्डशीटचे कागद आणून ठेवले होते. त्याला म्हटलं, "काका, अंगावर लावता तसेच या कागदावर लावा. बाकीचं आपण बघू."

तो कागदाकडे बघत बसला. मग भावाशी पावरीत, म्हणजे त्यांच्या डोंगरातल्या बोलीत, काहीतरी बोलला. मला अर्धंमुर्धं कळलं, त्यात 'कागद' आणि 'अंग' हे शब्द होते. शेवटी त्याने पिठात पाणी घातलं, कांडी बुडवली आणि टेकवली. टक, टक, टक. दुकानाच्या फरशीवर उकिडवा बसून तो एकामागून एक कागद भरत गेला. एकही ठिपका दुसऱ्यासारखा उमटला नाही. कांडी भरलेली असली की जाड, संपत आली की पातळ.

मी शेजारी बसून प्रश्नांचा भडिमार लावला. सुरुवात कुठून करतात? किती असतात? छातीवरचे आणि पोटावरचे वेगळे का? त्याचा काही अर्थ असतो का? मला आपलं वाटत होतं की यात काहीतरी मोठं गुपित असणार आणि ते आता मला कळणार.

म्हातारा हसला. "अर्थ काय ऱ्हाई बाई? अंग भरनं पाहिजे. जठे हात जाई, तठे लावो."

माझी निराशा झाली आणि हसूही आलं. इतका वेळ त्या पाच ठिपक्यांत मी नकाशा शोधत होते.

कागद वाळल्यावर मी त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतले. आता माझी पाळी होती. एका थरावर दुसरा थर कसा बसावा याचे सॉफ्टवेअरमध्ये निरनिराळे प्रकार असतात. त्यातल्या 'स्क्रीन' नावाच्या प्रकारात वरच्या थरातलं काळं तेवढं नाहीसं होतं आणि पांढरं तेवढं राहतं. धूर, पाऊस, ठिणग्या, आम्ही सगळं असंच आणतो. मी काळा कागद फोटोवर टाकला. मूळ फोटो दिसेनासा झाला. मग एक क्लिक केलं, आणि कागद गेला. ठिपके राहिले, हवेत लटकलेले, मागे त्याचं अंग दिसतंय.

म्हाताऱ्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग घाईने फरशीवरच्या खऱ्या कागदाकडे. ठिपके तिथेही होते. त्याने एकाला बोट लावून खात्री करून घेतली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. इतक्या वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

पण कागद सपाट आणि अंग गोल. ठिपक्यांचे तुकडे करून एकेक जागेवर बसवायला हवे होते, छातीवर थोडे वाकवून, दंडावर वळवून. हे करणार कोण? मी माउसवरचा हात काढला आणि खुर्चीतून उठले. "या दादा. तुमचं अंग, तुमचाच हात."

त्याने कपाशी वेचली असेल, ऊस तोडला असेल, माउस कधी धरला नव्हता. त्याने तो पाखरू पकडल्यासारखा मुठीत धरला. पहिला ठिपक्यांचा पुंजका थेट जांभळ्या आभाळात गेला. दुसरा नाकावर बसला. मुलीला शाळेत कॉम्प्युटर शिकवलेला होता, ती बापाच्या खांद्याशी उभी राहून सांगत होती, "बाबा, डावं बटण दाबून ठेवा. सोडू नका. आता सरकवा. आता सोडा." हात लावायचा नाही हे तिला न सांगता माहीत होतं, तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. मी माझे ओढणीत गुंडाळून बसले. दर मिनिटाला वाटत होतं, हिसकावून घ्यावा माउस आणि दोन झटक्यांत करून टाकावं. इतका संयम मी सासरच्या लग्नातसुद्धा दाखवलेला नाही.

नवरा एका साखरपुड्याचं काम करून आला. दारातच थांबला. खुर्चीत अनोळखी माणूस, बायको हात बांधून बसलेली. "काय करी ऱ्हायनात तुम्ही लोके?" त्याने विचारलं.

"मी काहीच नही करी ऱ्हायनी," मी म्हटलं. "चहा सांग."

चहा आला, गार झाला. माणसाचा हात हळूहळू बसत गेला. छाती भरली. दंड भरले. तो आता स्वतःच ठिपके थोडे फिरवायचा, दोन पुंजके एकसारखे दिसले तर एक उचलून दुसरीकडे न्यायचा. मध्येच म्हातारा म्हणायचा की खांद्यावर विरळ झालंय, की लगेच तिथे भर. मी फक्त दर थोड्या वेळाने सांगत होते, "सेव्ह करा दादा," आणि कुठली दोन बटणं दाबायची ते बोटाने दाखवत होते. सोनेरी ठिणग्या आणि ज्वाळांचं काय करायचं असं मी विचारलं, कारण चिकटलेल्या असल्या तरी मेहनत घेऊन काढता आल्या असत्या. त्यावर तिघांनीही एकमताने सांगितलं की ठिणग्या छान आहेत, राहू द्या. मला फार बरं वाटलं.

शेवटी पोट राहिलं. भोपळ्यांच्या वर, उजव्या बाजूला. तो तिथे पुंजका नेऊन ठेवतो न ठेवतो तोच मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे नव्हते."

त्याचा हात थांबला. तो पावरीत तिला काहीतरी म्हणाला, हळू आणि घाईत. ती माझ्याकडे बघून, माझ्या मराठीत आणि म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "तिथे पुसलेलं होतं. तिथे माझा हात लागला होता."

बाहेर एसटीचा कंडक्टर धडगाव, धडगाव ओरडत होता.

मग बापाने सांगितलं. भावाकडे न बघता, पडद्याकडे बघून सांगितलं. होळीला ती बायकांत झोपली होती. ढोलाच्या आवाजाने दचकून उठली आणि गर्दीतून बापाला शोधत आली. मागून येऊन तिने त्याच्या पोटाला मिठी मारली. त्याने लगेच तिचा हात सोडवला, पण ठिपके फिसकटले होते आणि तिथे तळहाताएवढी जागा पुसली गेली होती. गर्दीत कुणाला दिसलं नाही. पहाटे कुणीतरी फोटो काढला त्यात ती जागा स्पष्ट आली. तेवढी एक जागा झाकून दे, असं सांगायला तो पहिल्या दुकानात गेला होता. त्या माणसाने सगळंच झाकून टाकलं.

"पोरनाच हात व्हता," तो म्हणाला. "पण पोर बी बाईमाणूसच ना? पाचवी होळी व्हती. शेवटलीच." होळीपासून तो रोज झोपेतून उठून तिच्या नाकाशी हात धरून बघत होता. भावाला सांगायची हिंमत झाली नव्हती. पोरीलाही त्याने शपथ घातली होती.

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. केवढं ओझं घेऊन हा माणूस इतका वेळ माझ्या खुर्चीत बसून ठिपके सरकवत होता. आणि मी त्याला पायरीवरून बोलले होते.

म्हातारा उठला. मला वाटलं, रागावणार. तो पडद्याजवळ गेला, पोटावरच्या त्या जागेकडे बघत राहिला आणि मग पावरीत बोलायला लागला. बराच वेळ बोलला. बाप मान खाली घालून ऐकत होता, आणि मध्येच त्याने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मी मुलीला विचारलं, "काय म्हणतात काका?"

तिने थोडा विचार करून, वर्गात उत्तर देतात तसं नीट सांगितलं, "काका म्हणतात, बाबांनी हे अंग माझ्यासाठीच रंगवलं होतं. ज्याच्यासाठी रंगवलं, त्याने हात लावून बघितलं. यात मोडलं काय?"

बाप खुर्चीतून उठला, मुलीला दंडाला धरून तिथे बसवलं आणि माउस तिच्याकडे सरकवला. म्हणाला, "पूस. व्हतं तसं कर."

खोडायचं साधन कुठे असतं ते तिला माहीत होतं. तिने आधी त्याने नुकत्याच ठेवलेल्या पुंजक्याचा मधला भाग पुसला. मग खोडरबर थोडा लहान केला, जीभ बाहेर काढून, बोटांच्या खुणा येतील तशा चार रेघा ओढल्या, आणि पाचवी, आडवी, अंगठ्याची. मागे सरकून बघितलं. स्वतःचा तळहात पडद्यासमोर धरून पाहिला. होळीपासून तो थोडा वाढलेला असणार, पण तिने तो तसाच ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

तिने बापाकडे पाहिलं. तो त्या पोटाकडे बघत होता, त्या पाच बोटांकडे, आणि दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले होते.

"ताई," तो म्हणाला, "आते छापानं बटन तुम्हीच दाबा."

मी ओढणीतून हात काढला आणि दाबलं.